'मात्रा' म्हणजे नक्की काय? अक्षरातली, वृत्तातली, तालातली आणि सहाणेवरची

मी परभाषकांना मराठी शिकवते. वर्गात सगळ्यात जास्त गोंधळ ज्या एका शब्दावरून होतो, तो 'मात्रा'. शब्द सगळ्यांच्या ओळखीचा असतो, पण प्रत्येकाची ओळख वेगळी. कानपूरचा विद्यार्थी वेलांटीलाही मात्रा म्हणतो, तबला शिकणारी मुलगी बोटांवर सोळा मोजून दाखवते, आणि मागच्या बाकावरच्या निवृत्त काकांना मात्रा म्हटलं की सहाण आणि मध आठवतो. तिघांचंही बरोबर आहे. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

या शब्दाचा मूळ अर्थ काय?

माप. संस्कृतातला 'मा' हा धातू मोजण्याचा आहे. मान, माप, प्रमाण, परिमाण, अनुमान, उपमा ही सगळी त्याचीच लेकरं. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'मीटर' हा शब्दसुद्धा भाषाशास्त्रज्ञ याच जुन्या इंडो-युरोपीय मुळाशी जोडतात.

पण मात्रा हे जरा वेगळ्या जातीचं माप आहे. ग्रॅम, सेकंद, सेंटीमीटर ही मापं बाहेरून येतात आणि सगळीकडे सारखी असतात. मात्रेचं तसं नाही. कवितेतली मात्रा त्या कवितेच्या म्हणण्यावर ठरते, तालातली लयीवर, आणि औषधातली समोरच्या माणसाच्या प्रकृतीवर. म्हणूनच हा शब्द इतक्या ठिकाणी जाऊन बसू शकला, असं मला वाटतं. पुढची उत्तरं वाचताना हे लक्षात ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

'के' या अक्षरात मात्रा किती?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर: शुद्धलेखनाच्या तासाला एक, कवितेच्या तासाला दोन.

लिहिताना 'के'च्या डोक्यावर एक तिरकी रेघ येते, ती एक मात्रा. 'कै'वर दोन रेघा, म्हणून दोन मात्रा. 'को' म्हणजे काना आणि एक मात्रा, 'कौ' म्हणजे काना आणि दोन मात्रा. इथे आपण रेघा मोजतो.

वृत्त मोजताना मात्र आपण उच्चाराला लागणारा वेळ मोजतो. ऱ्हस्व स्वराला एक मात्रा, दीर्घ स्वराला दोन. 'ए' हा दीर्घ धरला जातो, म्हणून 'के' दोन मात्रांचा. 'कै'सुद्धा दोनच मात्रांचा, रेघा दोन असल्या म्हणून चार होत नाहीत. आणि गंमत पुढेच आहे: 'का'वर लेखनातली मात्रा एकही नाही, नुसता काना आहे, तरी वृत्तात त्याच्या मात्रा दोन. 'कि'लाही लेखनातली मात्रा नाही, नुसती वेलांटी, पण वृत्तात एक.

दहावीच्या मुलांचं नेमकं इथेच चुकतं. डोळ्यांना दिसणारी मात्रा ती मोजतात आणि कानांना ऐकू येणारी विसरतात. माझा उपाय साधा आहे. वही बंद करायची आणि ओळ मोठ्याने म्हणत टाळी वाजवायची.

हिंदीत वेलांटीला आणि उकारालाही 'मात्रा'च म्हणतात. मग आपलं चूक का?

कुणाचंच चूक नाही. हिंदीत व्यंजनाला जोडलेली स्वराची कोणतीही खूण म्हणजे मात्रा: 'छोटी इ की मात्रा', 'बड़े ऊ की मात्रा'. मराठीत प्रत्येक खुणेला स्वतःचं नाव मिळालं. काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार, आणि 'बॅट', 'बॉल'मधला चंद्र. एवढी नावं वाटून झाल्यावर 'मात्रा' हे नाव फक्त 'ए' आणि 'ऐ'च्या रेघांकडे राहिलं. 'काना-मात्रेचाही फरक न करता उतरवून काढलं' असं आपण म्हणतो, त्यातली मात्रा हीच. गुजराती माणूसही 'कानो-मातर' म्हणतो.

बंगालीत तर आणखी निराळं. तिथे अक्षरांच्या डोक्यावरून जाणाऱ्या आडव्या रेषेला, आपण जिला शिरोरेषा म्हणतो तिला, मात्रा म्हणतात. बंगाली विद्यार्थिनीला मी पहिल्यांदा 'यावर मात्रा दे' म्हटलं, तेव्हा तिने शब्दावर व्यवस्थित आडवी रेघ ओढली आणि माझ्याकडे बघत राहिली. चूक माझ्या प्रश्नात होती.

मात्रा नेहमी अक्षराच्या डोक्यावरच असायची का?

नाही. जुन्या हस्तलिखितांत, विशेषतः जैन पोथ्यांत, 'ए'ची मात्रा अक्षराच्या डाव्या बाजूला उभ्या रेघेसारखी काढलेली सापडते. तिला पृष्ठमात्रा किंवा पडिमात्रा म्हणतात. ती दिसते थेट कान्यासारखी, पण आधी येते. नवख्या वाचकाला तो आधीच्या अक्षराचा काना वाटतो आणि सगळा शब्द बिघडतो. बंगाली लिपीत 'ए'ची खूण आजही व्यंजनाच्या डावीकडेच बसते. ही जुनी पद्धत विस्मरणात गेली असली तरी संगणकाने तिची दखल घेतली आहे. युनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. तिच्या २००९ सालच्या आवृत्तीत देवनागरीच्या पृष्ठमात्रेला स्वतंत्र जागा मिळाली, त्यामुळे आता त्या पोथ्या आहेत तशा टंकलिखित करता येतात.

वृत्तातल्या मात्रा मोजायच्या कशा? एखादं उदाहरण घेऊन सांगा.

नियम थोडे आहेत. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची एक मात्रा. बाकीची गुरू, त्यांच्या दोन. ऱ्हस्व अक्षरावर अनुस्वार असेल किंवा पुढे विसर्ग असेल तर तेही गुरू. ऱ्हस्वापुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर पडला, तरी ते गुरू होतं. 'सत्य' म्हणताना 'स'वर जोर येतो, म्हणून स दोन, त्य एक, एकूण तीन. पण 'तुझ्या', 'दुसऱ्या', 'उन्हाळा' म्हणून बघा. इथे मागच्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून 'तु' लघुच राहतो. हा खास मराठीचा स्वभाव आहे. संस्कृतचे नियम डोळे मिटून लावले की इथे हमखास घसरायला होतं.

आता उदाहरण. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं:

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची,
ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची

पहिला तुकडा घेऊ. 'सु' ऱ्हस्व दिसतो, पण पुढे 'श्लो' आहे, म्हणून दोन. श्लो दोन, क एक, वा दोन, म एक, ना दोन, चा दोन. बेरीज १२. दुसऱ्या तुकड्यात अ एक, भं दोन, ग एक, वा दोन, णी दोन, प्र एक, सि दोन ('द्ध'च्या आघातामुळे), द्ध एक, तु एक, क एक, या दोन, ची दोन. बेरीज १८. तिसऱ्यात सगळीच्या सगळी सहा अक्षरं गुरू, म्हणजे १२. चौथ्यात किं, वा, आ, र्या यांच्या आठ, मग म एक, यू दोन, र एक, पं, ता, ची सहा, म्हणजे पुन्हा १८.

१२, १८, १२, १८. आता आर्या या वृत्ताचं लक्षण काय? १२, १८, १२, १५. म्हणजे आर्येची थोरवी सांगणारी ही ओळ स्वतः आर्या नाही, तिला गीती म्हणतात. आणि ते योग्यच आहे, कारण बारामतीच्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४), म्हणजे ओळीतल्या मयूरपंतांच्या, ज्या रचनांना आपण सरसकट आर्या म्हणतो, त्या बहुतेक गीतीच आहेत. इतकी वर्षं तोंडात असलेली ओळ बोटांवर मोजल्यावर एवढं काही सांगून जाते, याचा मला दर वर्षी नव्याने आनंद होतो.

अर्धी मात्रा खरंच असते का?

असते, आणि तिच्यावर आपल्या पूर्वजांचं फार प्रेम होतं. स्वर नसलेल्या नुसत्या व्यंजनाला, म्हणजे पाय मोडलेल्या 'क्'ला, अर्धी मात्रा धरतात. सूत्रात अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, असं संस्कृतात प्रसिद्ध वचन आहे.

मात्रा समजावण्याचा सगळ्यात सुंदर पाठ पाणिनीय शिक्षेत, म्हणजे उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, आहे. तिथे घड्याळ नाही, पक्षी आहेत. चाष पक्षी, म्हणजे माळरानावर तारेवर बसलेला दिसतो तो निळ्या पंखांचा नीलपंख, एक मात्रा बोलतो. कावळा दोन मात्रा. मोर तीन मात्रा. आणि मुंगूस अर्धी मात्रा. एक म्हणजे ऱ्हस्व, दोन म्हणजे दीर्घ, तीन म्हणजे प्लुत. लांबून हाक मारताना आपण 'अगं ए रमाऽऽ' म्हणतो, त्यातला शेवटचा लांबलेला स्वर म्हणजे प्लुत. एकदा अंगणात कावळा ओरडत असताना मुलांना हे सांगितलं, तर ती दिवसभर कावळ्याच्या मात्रा मोजत होती.

तालातली मात्रा म्हणजे एक सेकंद का?

नाही. क्लास लावल्यावर पहिल्या महिन्यात पालक हाच प्रश्न विचारतात. मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर लय ठरवते. त्रितालाच्या १६ मात्रा, एकतालाच्या १२, झपतालाच्या १०, केरव्याच्या ८, रूपकाच्या ७, दादऱ्याच्या ६. हे आकडे बदलत नाहीत, त्या १६ मात्रांना लागणारा वेळ मात्र बदलतो. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण मिनिटाच्याही पुढे जातं. द्रुत त्रितालात सेकंदाला चार मात्रा पडल्या, तर सोळाच्या सोळा चार सेकंदांत संपतात. दोन्हीकडे मात्रा ती मात्राच.

नुसतं मोजून भागत नाही, मात्रेला जागा असते. त्रितालात पहिली मात्रा सम, नववी 'खाली', म्हणजे टाळीविना मोकळी. नवव्या मात्रेला हात पालथा पडतो किंवा बाजूला जातो, आणि तेराव्याला पुन्हा टाळी. रूपकात तर समेवरच खाली येते, म्हणून नवख्याला पहिली मात्रा कुठली तेच कळत नाही. एका मात्रेत दोन, तीन, चार स्वर बसवता येतात. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत अशा स्वरांच्या खाली एक कंस काढलेला असतो, तो एका मात्रेचा. वहीत तो कंस दिसला की समजायचं, हे सगळं एका ठोक्यात म्हणायचं आहे.

मग कवितेतली मात्रा आणि तबल्यावरची मात्रा एकच?

बहीण-बहीण म्हणा. दोन्ही वेळ मोजतात, पण गाताना कवितेची मात्रा तालाच्या मात्रेला बांधलेली राहत नाही. वाचताना दोन मात्रांचा असलेला 'वा' गायक तालाच्या पाच मात्रांवर लांबवू शकतो, आणि चार लघु अक्षरं एका मात्रेत कोंबू शकतो. चाल लावणाऱ्याचं कसब तिथेच दिसतं. शब्दाची लांबी ओढताना 'दिन'चा 'दीन' होऊ द्यायचा नाही.

औषधाची 'मात्रा' म्हणजे डोस ना?

आयुर्वेदात हो, प्रमाण हाच अर्थ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायाचं नावच 'मात्राशितीय'. त्याची सुरुवात, माणसाने मात्रेत खाणारं असावं, अशी आहे. आणि लगेच पुढे, ही मात्रा ज्याच्या त्याच्या अग्निबलावर, म्हणजे पचनशक्तीवर, अवलंबून असते, असं सांगितलं आहे. सगळ्यांना सरसकट दोन पोळ्या असा हिशेब तिथे नाही. बस्तीच्या, म्हणजे गुदमार्गाने औषध देण्याच्या, प्रकारांतही कमी प्रमाणात तेल देतात त्या प्रकाराला मात्राबस्ती म्हणतात.

पण मराठी घरांत 'मात्रा' म्हणजे ते औषधच. 'वैद्यांनी मात्रा दिली' म्हणजे धातूंपासून केलेलं, सहाणेवर उगाळून द्यायचं जालीम औषध. त्यातली हेमगर्भ सर्वांत प्रसिद्ध. हेम म्हणजे सोनं. शिवाय पारा, गंधक, तांब्याचं भस्म. हे सगळं खलून, रेशमी कापडात बांधून, वितळलेल्या गंधकात शिजवून कठीण कांडी करतात.

माझ्या आजोबांच्या शेवटच्या रात्री आजीने ती उगाळलेली मी पाहिली आहे. आल्याचा रस, थोडा मध, सहाणेवर मोजून दोन वेढे. तिचा हात थरथरत होता, पण वेढा तिसरा झाला नाही. चांदीच्या चमच्याच्या टोकाने तिने ती जिभेला लावली. 'हेमगर्भ द्यायची वेळ आली' याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता, कुणी काही बोललं नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. या मात्रांमध्ये पारा आणि इतर धातू असतात. बटव्यात सापडली म्हणून, किंवा शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून, त्या कुणालाही देऊ नका, बाळाला तर मुळीच नाही. शिकलेल्या वैद्यांना आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा.

'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' यातली मात्रा कुठली?

हीच, सहाणेवरची. औषध लागू पडलं नाही, उपाय थकले, हा मूळ भाव. पुढे तो माणसांना लागला. हट्टी मुलापुढे आईची मात्रा चालत नाही आणि आजोबांनी एकदा नुसतं बघितलं की मात्रा बरोबर लागू पडते. ही मात्रा तबल्याची किंवा व्याकरणाची नाही, हे 'लागू पडणे' या क्रियापदावरूनच कळतं.

लशीची 'पहिली मात्रा' हा शब्द वर्तमानपत्रांनी नवीन काढला का?

शब्द जुना, वापर नव्याने रुळला. १६ जानेवारी २०२१ ला देशात करोना लसीकरण सुरू झालं आणि 'पहिली मात्रा', 'दुसरी मात्रा', नंतर 'वर्धक मात्रा', 'दक्षता मात्रा' हे रोजच्या बातम्यांत आलं. बोलताना सगळे 'डोस'च म्हणत होते, तरी छापील मराठीत मात्रा टिकली, याचं मला बरं वाटतं. फरक एवढाच की इथे मात्रा समोरच्याच्या प्रकृतीवर ठरत नाही. दंडात टोचले जाणारे ०.५ मिलिलिटर धडधाकट पहिलवानाला आणि किरकोळ अंगाच्या आजीला सारखेच. म्हणून तर तिची मोजदाद करता येते आणि 'इतक्या कोटी मात्रा दिल्या' असं लिहिता येतं.

ओंकाराच्या साडेतीन मात्रा म्हणतात, त्या कोणत्या?

अ, उ, म या तीन आणि वरच्या बिंदूची, अनुनादाची अर्धी. संतसाहित्यात साडेतीनला 'औट' हा जुना शब्द येतो. तत्त्वज्ञानात याखेरीज दोन अर्थ भेटतात. सांख्यांच्या पाच तन्मात्रा म्हणजे शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध. आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 'मात्रास्पर्श' म्हणजे इंद्रियांचा विषयांशी येणारा संबंध, ज्यातून थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवतं. प्राणायामाच्या जुन्या ग्रंथांत १२, २४ आणि ३६ मात्रांचे प्रकार सांगितले आहेत. तिथे गुडघ्याभोवती हात फिरवून चुटकी वाजवायला लागणारा वेळ म्हणजे मात्रा, असंही एक माप सापडतं.

'मात्र' आणि 'मात्रा' यांचा संबंध आहे का?

सख्खा. 'तेवढ्याच मापाचं' यावरून 'मात्र' म्हणजे फक्त. नाममात्र, तिळमात्र, क्षणमात्र. पावतीवर अक्षरी रकमेपुढे 'मात्र' किंवा 'फक्त' लिहितात ते यासाठीच, पुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून. पण 'प्राणिमात्र', 'मनुष्यमात्र' यांत अर्थ उलटा वाटतो, तिथे तो 'जेवढे म्हणून आहेत तेवढे सगळे' असा आहे. संपूर्ण माप भरलं, हा भाव. आणि 'तू ये, तो मात्र नको' यातला 'मात्र' आता इतका दूर गेला आहे की त्याला माप आठवतही नसेल.

'मोठ्या मात्रेत पाऊस पडला' असं म्हटलेलं चालेल?

मी मुलांना ते बदलायला सांगते. ही हिंदीची सवय आहे, 'भारी मात्रा में'. मराठीत 'मोठ्या प्रमाणात' आहे, आणि त्याहून बरं म्हणजे 'धो धो', 'मुसळधार', 'दमदार', 'जोराचा'. पावसाला शब्द कमी पडावेत अशी आपली भाषा नाही. औषध, किरणोत्सार, विष अशा मोजून दिल्या-घेतल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी 'मात्रा' शोभतो.

फॉर्म भरताना अक्षरमर्यादा लवकर संपते. मात्रा वेगळी मोजतात का?

बहुतेक ठिकाणी, हो. युनिकोडमध्ये 'के' हे क आणि त्यापुढे मात्रा अशा दोन चिन्हांत साठवलं जातं. 'मैत्रेयी' या नावात आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण म, दोन मात्रा, त, हलंत (पाय मोडल्याची खूण), र, एक मात्रा, य, दुसरी वेलांटी मिळून संगणकाला ती आठ चिन्हं आहेत. देवनागरी एसएमएसची मर्यादा ७० चिन्हांची असते, ती यामुळेच भराभर संपते. लक्षात घ्या, 'ै' ही डोळ्यांना दोन मात्रा दिसली तरी संगणकाला ते एकच चिन्ह आहे. एकावर एक दोनदा 'े' टाइप करू नका. पडद्यावर जवळपास तसंच दिसेल, पण शोधताना तो शब्द सापडणार नाही.